बिलाच्या तळाशी काय लिहावे?
छोट्या व्यावसायिकांसाठी भरण्याच्या पद्धती, मुदत आणि कायदा

अमरावती जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोला जिल्ह्याच्या सीमेलगत, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात दर्यापूर-बनोसा हे जोडगाव आहे. भूगर्भातील पाणी खारे असल्यामुळे येथे ओलिताची शेती मर्यादित राहिली आणि शेतकऱ्याचा भरवसा मुख्यत्वे खरिपावरच राहिला. दिवाळीच्या आगेमागे कापूस निघू लागतो, संक्रांतीनंतर तूर येते, मग हरभरा. बाजारात खेळणारा पैसा याच चार-पाच महिन्यांत येतो. व्यवहार मात्र बाराही महिने चालतात. कृषी सेवा केंद्रातून बियाणे-खत उचलले जाते, वेल्डिंगच्या दुकानात जिनिंगचे दार तयार होते, मोटार रिवायंडिंग होते, छापखान्यात पावतीपुस्तके छापली जातात, मंडपवाल्याचा मंडप पडतो. बिल फाडले जाते आणि 'पैशाचे काय?' या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते : 'कापूस निघाला की.'

हे उत्तर बहुधा अप्रामाणिक नसते. अडचण एवढीच, की ते कोठेही लिहिलेले नसते. बिलावर वस्तूचे नाव असते, नग असतात, दर असतो, बेरीज असते. पैसे कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, कोणत्या मार्गाने द्यायचे आणि कोणाच्या नावावर द्यायचे, याबद्दल मात्र बिल मौन बाळगते. छोट्या व्यावसायिकाची निम्मी वसुली या मौनात अडकते, असे म्हणणे फारसे धाडसाचे ठरू नये.

कर आधी, पैसे नंतर

वस्तू व सेवा कराच्या नियमावलीतील ४६ व्या नियमात बिलावर काय काय असावे याची लांबलचक यादी दिली आहे. पुरवठादाराचे नाव, पत्ता व जीएसटी क्रमांक, सोळा अक्षरांपेक्षा लांब नसलेला व त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा बिल क्रमांक, तारीख, ग्राहकाचा तपशील, मालाचे वर्णन, करपात्र मूल्य, कराचा दर व रक्कम, सही इत्यादी. या यादीत भरण्याची मुदत नाही, बँक खाते नाही आणि भरण्याचा मार्गही नाही. सरकारला कराशी कर्तव्य. तुमचे पैसे कधी येतात, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. त्यामुळे ज्यांचे बिल करसल्लागाराने दिलेल्या नमुन्यावर किंवा तयार सॉफ्टवेअरवर निघते, त्यांच्या बिलात हाच भाग हमखास कोरा राहतो.

याची किंमत काय, हे एका कल्पित उदाहरणावरून लक्षात येईल. दर्यापूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने जिनिंग कारखान्यासाठी एक लाख रुपयांचे लोखंडी दार व शेडचे काम केले. १८ टक्के जीएसटी धरून बिल १ लाख १८ हजारांचे, तारीख जुलैची. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या या व्यावसायिकाला १८ हजारांचा कर, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेऊन, २० ऑगस्टपर्यंत सरकारजमा करावाच लागतो. तिमाही विवरणपत्राची सवलत घेतली, तरी तिमाहीतील पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत द्यावा लागतो. कारखानदार मात्र हंगाम सुरू झाल्यावर, म्हणजे डिसेंबरात पैसे देणार. याचा अर्थ फॅब्रिकेशनवाल्याने लोखंड स्वतःच्या पैशाने घेतले, मजुरी खिशातून दिली आणि गिऱ्हाइकाचा करही पदरमोड करून भरला. पुढे ती उधारी बुडाली, तर केवळ पैसे आले नाहीत या कारणावरून भरलेला जीएसटी परत मागण्याची सोय कायद्यात नाही.

खरेदीदारालाही एक मर्यादा आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याने पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेली कराची वजावट त्याला व्याजासह परत करावी लागते. पैसे चुकते केल्यावर ती पुन्हा मिळते. खरेदीदार जीएसटी नोंदणीधारक असेल तर वसुलीच्या पत्रात या १८० दिवसांची आठवण जरूर द्यावी. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

पंचेचाळीस दिवसांचा कायदा कोणाला लागू?

मुदत घालून पैसे मागण्याची कल्पना वऱ्हाडाला नवी नाही. कापसाच्या व्यापारात हुंडी चालत असे. दाखवताक्षणी पैसे देणारी दर्शनी हुंडी आणि ठरावीक दिवसांनी पिकणारी मुदती हुंडी हा भेद प्रत्येक पेढीवरच्या मुनिमाला तोंडपाठ असे. शेतमालाच्या बाजाराचे नियमनही याच प्रदेशात आधी सुरू झाले. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे देशातील पहिली नियमित बाजारपेठ आली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याखाली, माप झाल्यावर शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी देण्याचा दंडक आला. तो किती पाळला जातो हा वेगळा विषय. पण दंडक आहे. 'चुकारा' हा शब्द येथल्या बोलीत इतका रुळण्यामागे कापूस एकाधिकार खरेदी योजनेचाही वाटा आहे. १९७२-७३ च्या हंगामापासून राबवलेल्या या योजनेत कापसाचे पैसे हप्त्यांनी मिळत, आणि चुकारा कधी होणार यावर साऱ्या बाजारपेठेची उधारी टांगलेली असे.

शेतकऱ्याच्या चुकाऱ्याला जसा कायद्याचा आधार, तसा छोट्या उद्योजकाच्या बिलाला तो २००६ मध्ये मिळाला. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या १५ व्या कलमानुसार सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी कराराने ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे दिले पाहिजेत. आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडची असू शकत नाही. लेखी करारच नसेल, तर मुदत १५ दिवसांची. मालाबद्दल काही तक्रार असल्यास खरेदीदाराने तीही १५ दिवसांत लेखी कळवली पाहिजे. त्यानंतर 'माल बरोबर नव्हता' ही सबब दुबळी ठरते.

मुदत टळली तर १६ व्या कलमाप्रमाणे व्याज लागते आणि ते साधेसुधे नाही. रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने. डिसेंबर २०२५ मध्ये बँक दर ५.५० टक्के होता. त्याची तिप्पट साडेसोळा टक्के. एक लाखाच्या थकबाकीवर पहिल्याच महिन्याला सुमारे १,३७५ रुपये होतात. शिवाय हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

या कायद्याला खरी धार आली ती आयकरामुळे. २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यातील '४३ ब' कलमात एक पोटकलम वाढवले आणि ते १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२३-२४ या व्यवहार वर्षाच्या आकारणीपासून लागू झाले. सूक्ष्म व लघुउद्योगाचे बिल मुदतीत चुकते केले नाही, तर खरेदीदाराला त्या खरेदीचा खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. ३१ मार्चला बिल थकीत दिसले की खरेदीदाराचा नफा कागदावर फुगतो आणि त्यावर कर बसतो. एरवी फोन न उचलणारे खरेदीदार मार्चमध्ये स्वतःहून 'तुमची उद्यम नोंदणी आहे का?' असे विचारू लागले, ते यामुळे. आयकराचा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदललेले असल्याने या लेखातील जुने क्रमांक सल्लागाराकडून पडताळून घ्यावेत.

येथे दोन खाचा आहेत आणि दर्यापूरसारख्या गावात त्या फार महत्त्वाच्या आहेत. पहिली, उद्यम नोंदणीची. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी विनाशुल्क आणि ऑनलाइन आहे. 'उद्यम काढून देतो' म्हणून हजार-दोन हजार घेणाऱ्यांची गरज नाही. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, तर गुंतवणूक २५ कोटी व उलाढाल १०० कोटींपर्यंतचा लघू गणला जातो. तेव्हा गावातील बहुतेक सारे 'सूक्ष्म'मध्येच बसतात. नोंदणी माल देण्यापूर्वी असलेली बरी. नंतर नोंदणी करून आधीच्या पुरवठ्यासाठी दाद मागता येते का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेलेले आहेत आणि २०२२ मधील निकाल पुरवठादाराला अनुकूल नव्हता.

दुसरी खाच अधिक बोचणारी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ च्या आदेशाने उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. विलंबाच्या पैशांबाबतचे संरक्षण त्यांना दिलेले नाही. म्हणजे वेल्डिंगवाला, छापखाना, रिवायंडिंगवाला, डाळ मिल यांना ४५ दिवसांचा आधार आहे. कृषी सेवा केंद्र, हार्डवेअर, कापड व किराणा दुकानदार यांना नाही. बाजारपेठेत संख्येने मोठा असलेला वर्ग या छत्राबाहेर आहे. त्याच्या हाती उरते ते त्याचे स्वतःचे बिल आणि त्यावरची गिऱ्हाइकाची सही.

बिलावर एकतर्फी छापलेली '४५ दिवसांत पैसे द्यावेत' ही ओळ आणि 'लेखी करार' या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही लक्षात ठेवावे. खरेदीदाराच्या ऑर्डरवर मुदत लिहून घेणे उत्तम. ते जमत नसेल तर बिलाच्या स्थळप्रतीवर 'माल मिळाला, वरील मुदत मान्य' असे लिहून तारखेसह सही-शिक्का घ्यावा. माल उतरवून घेताना ही सही सहज मिळते, चार महिन्यांनी मिळत नाही.

वाद झालाच तर सूक्ष्म व लघुउद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. त्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये 'समाधान' हे संकेतस्थळ सुरू केले आणि २०२५ मध्ये ऑनलाइन तडजोडीचे पोर्टलही आणले. माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. परिषदेचा निर्णय खरेदीदाराला न्यायालयात आव्हान द्यावयाचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, ही या कायद्यातील सर्वांत परिणामकारक तरतूद. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असे कलम आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो, हे गृहीत धरूनच पाऊल टाकावे.

रोख, धनादेश, बँक, यूपीआय

मुदतीनंतर प्रश्न येतो मार्गाचा. पैसे कोणत्या मार्गाने येतात यावर त्यांचा वेग, खर्च, पुरावा आणि कर या चारही गोष्टी ठरतात.

रोखीची सवय खोल आहे आणि तिचे एक सुख नाकारता येत नाही : नोट हातात पडली की व्यवहार संपला. पण एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. तीन लाखांच्या बिलाचे पैसे तीन दिवसांत लाख-लाख करून घेतले तरी बिल एकच असल्याने सुटका नाही. दुसऱ्या बाजूने, दहा हजारांहून अधिक रक्कम एका दिवसात एकाला रोख दिल्यास देणाऱ्या व्यावसायिकाला तो खर्च आयकरात मिळत नाही. वाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५ हजार आहे. शेतकऱ्याकडून थेट शेतमाल घेताना मात्र अपवाद आहे, म्हणून कापूस-तुरीच्या खरेदीचा रोखीचा दाखला देऊन लोखंडाचे बिल रोखीत मागणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागतो. पाच हजारांवरील रोख रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावण्याचा नियम बहुतेकांना माहीत असतो आणि बहुतेक जण विसरतात.

रोखीचा एक छुपा खर्चही आहे. हिशेबाच्या वह्यांऐवजी अंदाजित नफ्यावर कर भरण्याची सवलत घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला रोख उलाढालीवर किमान ८ टक्के नफा धरावा लागतो. बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के. साठ लाखांची सारी उलाढाल रोखीची असेल तर नफा ४ लाख ८० हजार धरला जातो, बँकेतून आली तर ३ लाख ६० हजार. या सवलतीसाठी उलाढालीची मर्यादा दोन कोटींची आहे. रोख जमा एकूण जमेच्या पाच टक्क्यांच्या आत राहिली तर ती तीन कोटींपर्यंत वाढते.

धनादेशाचे दिवस संपले असे शहरात म्हटले जाते. तालुक्याच्या बाजारपेठेत ते खरे नाही. 'पुढच्या तारखेचा चेक' हे येथले एक प्रकारचे वचनपत्र आहे. हुंडीची जागा त्याने घेतली असे म्हणावे लागेल. त्याचे बळ परक्राम्य संलेख कायद्याच्या १३८ व्या कलमात आहे. खात्यात पैसे नसल्याने धनादेश परत आला, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एक महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. या तीन मुदतींपैकी एक जरी चुकली तरी प्रकरण लंगडे होते आणि ओळखीपाळखीच्या गावात नेमकी पहिलीच चुकते. 'पुन्हा टाका, या वेळी वटेल' असे सांगून दिवस काढले जातात. १ एप्रिल २०१२ पासून धनादेश तारखेपासून तीन महिनेच चालतो, तेव्हा आषाढात घेतलेला आषाढाच्याच तारखेचा धनादेश दिवाळीनंतर कामाचा राहत नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश दिवसभर सतत वटवण्याची पद्धत आली असून दिवसा ठरलेल्या वेळात जमा झालेल्या धनादेशाचा निकाल देणाऱ्याच्या बँकेने सायंकाळी सातपर्यंत कळवायचा आहे. तपासणीसाठी दोन-तीन दिवस थांबण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

मोठ्या रकमेसाठी सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे बँकेतून थेट खात्यात. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालतात. आरटीजीएसला किमान दोन लाखांची अट आहे. आयएमपीएसने पाच लाखांपर्यंत रक्कम तत्काळ जाते. पैसे घेणाऱ्याला यांपैकी कशाचाही आकार पडत नाही. मात्र बिलावर खाते क्रमांक आणि आयएफएससी दिला की काम झाले, असे समजू नये. एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवणाऱ्याला समोरच्या खात्याचे नाव पडताळून पाहण्याची सोय बँकांनी दिली आहे. दुकानाचे नाव एक, खाते मालकाच्या किंवा त्याच्या पत्नीच्या नावाचे, बिलावर तिसरेच काही, अशी स्थिती छोट्या बाजारपेठांत सर्रास आढळते. पाठवणारा तेथे अडखळतो आणि रक्कम 'चौकशी करून उद्या' वर जाते. बँकेत जसे आहे तसेच नाव, अक्षरशः तसेच, बिलावर छापावे. व्यवसायाचे चालू खाते वेगळे असले तर उत्तमच.

२०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने लहान रकमांचा प्रश्न जवळपास निकालात काढला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील नोटाबंदीने त्याला रेटा दिला, आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्क सरकारने शून्य केल्यावर हातगाडीपर्यंत क्यूआर कोड पोहोचला. सर्वसाधारण व्यवहाराची मर्यादा दिवसाला एक लाख रुपये आहे, हे मोठे बिल देताना ध्यानात ठेवावे. क्यूआर कोड भिंतीवर असतो तसा बिलावरही छापता येतो. सॉफ्टवेअर असल्यास बिलाची नेमकी रक्कम व क्रमांक त्यातच घालता येतो, म्हणजे कोणते पैसे कोणत्या बिलाचे हा संध्याकाळचा घोळ टळतो. फसवणुकीचे दोन प्रकार जुने असले तरी अजून चालतात. पैसे गेल्याचे खोटे चित्र मोबाइलवर दाखवणे आणि दुकानावरील क्यूआरवर दुसऱ्याच खात्याचा कागद चिकटवणे. पहिल्यावर उपाय म्हणजे गिऱ्हाइकाच्या पडद्याऐवजी आपल्या खात्यातील नोंद पाहणे. दुसऱ्यावर, दर सकाळी एक रुपया पाठवून पाहणे. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही.

कार्ड यंत्राबद्दल थोडक्यात. वार्षिक २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून डेबिट कार्डावर कमाल ०.४० टक्के शुल्क घेता येते. क्रेडिट कार्डावर ते अधिक असते आणि त्यावर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. यंत्राचे भाडे वेगळे. मोटारसायकल किंवा दूरचित्रवाणी संच विकणाऱ्याला ते परवडते, छापखान्याला नाही.

हंगामाची उधारी

कृषी सेवा केंद्राच्या मालकाला हे सारे वाचून हसू येईल. त्याचे गिऱ्हाईक शेतकरी. जूनमध्ये बियाणे, जुलैत खत, ऑगस्टमध्ये फवारणी, आणि पैसे कापूस विकल्यावर. ४५ दिवसांचा कायदा त्याला नाही, आयकराचा धाक त्याच्या गिऱ्हाइकाला नाही. उधार देणार नाही म्हटले तर दुकान चालत नाही.

तरीही बिलात फरक पडतो. भारतीय मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशासाठी तीन वर्षांत दावा करावा लागतो. बिलावर मुदत नसेल तर ही तीन वर्षे माल दिल्याच्या दिवसापासून मोजतात. मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून. म्हणजे 'देय दिनांक ३१ जानेवारी' एवढे चार शब्द लिहिल्याने जूनच्या बिलाला सात-आठ महिन्यांचे आयुष्य अधिक मिळते. तीन वर्षे पूर्ण होण्याआधी गिऱ्हाइकाने 'एवढी बाकी मला मान्य आहे' असे लिहून सही केली तर मोजणी नव्याने सुरू होते. दिवाळीत वही पूजल्यावर बाकी दाखवून सही घेण्याच्या जुन्या रिवाजात हेच शहाणपण होते. नंतर तो रिवाज संकोचापोटी मागे पडला. एकाच मोठ्या तारखेऐवजी दोन देय तारखा, उदाहरणार्थ कापसाच्या पहिल्या वेच्यानंतर अर्धी आणि तुरीनंतर उरलेली, अशा बिलावरच लिहिल्या तर वसुली सोपी जाते. शेतकऱ्याच्या हातात पैसा ज्या क्रमाने येतो, त्याच क्रमाने तो मागितला जातो.

छापील ओळींचे मोल

बिलबुकावर पिढ्यान्पिढ्या छापल्या जाणाऱ्या ओळींकडेही एकदा पाहावे. 'चूकभूल द्यावी घ्यावी' निरुपद्रवी आहे. 'दर्यापूर न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात' ही ओळ उपयोगी आहे, पण सर्वशक्तिमान नाही. ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही त्याला तो दोन पक्षांच्या करारानेही मिळत नाही. एकाहून अधिक न्यायालयांना अधिकार असेल तर त्यांतले एक निवडता येते. माल दर्यापुरात दिला, पैसे दर्यापुरात द्यायचे, असे बिलात स्पष्ट असेल तर ओळीला आधार मिळतो. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ मात्र काढून टाकावी. सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. '२४ टक्के व्याज आकारले जाईल' असे सारेच छापतात आणि आकारत कोणीच नाही. न आकारलेले व्याज धाक घालत नाही. त्यापेक्षा आठ दिवसांत पैसे दिल्यास दीड-दोन टक्के वटाव, हा बाजाराचा जुना उपाय अधिक कामाचा. व्याज खरोखर वसूल केलेच तर ते मालाच्या किमतीचा भाग ठरते आणि त्यावरही जीएसटी द्यावा लागतो, हे विसरू नये.

मोठ्या कंपनीला किंवा सार्वजनिक उपक्रमाला माल देणाऱ्या उद्योगाला आणखी एक मार्ग आहे. 'ट्रेड्स' या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या व्यवस्थेत खरेदीदाराने मान्य केलेले बिल बँकांपुढे बोलीला ठेवले जाते. सर्वांत कमी दराची बोली लावणारी बँक व्याज कापून पैसे लगेच देते आणि मुदतीअखेर खरेदीदाराकडून वसूल करते. खरेदीदाराने बुडवले तरी पुरवठादाराकडे परत मागणी येत नाही. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या व्यवस्थेत ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी करणे नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले. दर्यापूरच्या फॅब्रिकेशनवाल्याचा खरेदीदार एवढा मोठा क्वचितच असेल. असेल तर विचारून पाहण्यास हरकत नाही. मुदती हुंडी पेढीवर वटवून आधी पैसे घेण्याचाच हा नवा अवतार आहे.

तेव्हा बिलाच्या तळाशी, बेरजेच्या लगेच खाली, साध्या मराठीत एवढे असावे : 'देय दिनांक अमुक. दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारली जाणार नाही. बँक खात्याचे नाव, क्रमांक, शाखा व आयएफएससी अमुक. लहान रकमेसाठी सोबतचा क्यूआर कोड. पैसे पाठवताना बिल क्रमांक लिहावा. आठ दिवसांत भरणा केल्यास इतका वटाव. उद्यम नोंदणी क्रमांक अमुक. २००६ च्या कायद्यानुसार विलंबावर व्याज लागू.' व्यापाऱ्याने शेवटचे वाक्य वगळून तेथे दोन हप्त्यांच्या तारखा लिहाव्यात. शेजारी माल घेणाऱ्याच्या नावासाठी, सहीसाठी आणि तारखेसाठी रिकामी जागा. अंशतः पैसे आले की त्याच बिल क्रमांकाची पावती फाडावी आणि तीवर उरलेली बाकी आकड्यात व अक्षरात लिहावी.